महामारीत कॅज्युअल्टीचे रजिस्टर काय मोजते?

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधील आपत्कालीन विभागांत सुमारे ९ लाख १७ हजार भेटी नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या २१ लाखांच्या घरात होत्या. म्हणजे ५७ टक्के घट. अमेरिकेत २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत आपत्कालीन विभागांतील साप्ताहिक भेटींची सरासरी २१ लाखांवरून १२ लाखांवर आली. तिथे ४२ टक्के घट. जगभर आजार पसरत असताना रुग्णालयाचा सर्वांत गजबजलेला दरवाजा ओस पडला, ही गोष्ट त्या वेळी अनेक डॉक्टरांनाही चक्रावून टाकणारी होती.

या पाठात आपण त्या भेटींपैकी फक्त इजांच्या भेटी पाहणार आहोत. रस्त्यावरचे अपघात, पडणे, भाजणे, यंत्रात हात सापडणे, मारहाण आणि विषबाधा या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इजा आणि विषबाधा एस व टी या अक्षरांच्या संकेतांखाली येतात. ती इजा कशामुळे झाली हे सांगणारे संकेत व्ही ते वाय या अक्षरांखाली असतात. मांडीचे हाड मोडले हे एक संकेत सांगतो, आणि ते दुचाकीवरून पडून मोडले की जिन्यावरून, हे दुसरा. हा दुसरा संकेत आपल्याकडच्या रजिस्टरांत पुष्कळदा कोराच राहतो. महामारीचा परिणाम समजून घ्यायचा तर नेमका तोच लागतो.

प्रश्न असा आहे: भेटी निम्म्याने घटल्या, म्हणजे इजाही निम्म्याने घटल्या का?

चार गाळण्या

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवली जाते. मोजणारे उपकरण जे वाचन देते ते मूळ राशीचे असतेच असे नाही; मूळ राशी उपकरणातून जाताना जशी बदलते, तसे ते वाचन असते. कॅज्युअल्टीचे रजिस्टर हेही एक उपकरणच समजा. त्यातली संख्या चार गोष्टींच्या गुणाकारातून तयार होते:

रजिस्टरमधील भेटी = वावर × धोका × पोहोच × नोंद

वावर म्हणजे लोक धोक्याच्या जागी किती वेळ किंवा किती वेळा होते. रस्त्यावरच्या फेऱ्या, कारखान्यातले तास, घरातल्या जिन्यावरची ये-जा हे सगळे वावरात मोडते. धोका म्हणजे तेवढ्या वावरामागे होणाऱ्या इजा. पोहोच म्हणजे जखमींपैकी किती जण खरोखर रुग्णालयात आले तो हिस्सा. आणि आलेल्यांपैकी किती जणांची इजा म्हणून बरोबर नोंद झाली, ती नोंद.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका शहरात रोज दुचाकीच्या १ लाख फेऱ्या होतात आणि दर १०,००० फेऱ्यांमागे ४ जणांना इजा होते. म्हणजे रोज ४० जखमी. त्यांतले तीन चतुर्थांश रुग्णालयात येतात, म्हणून रजिस्टरमध्ये ३० भेटी. नोंद सध्या पूर्ण आहे असे धरू. आता टाळेबंदी लागली. फेऱ्या २०,००० वर आल्या. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढला आणि धोका दर १०,००० फेऱ्यांमागे ६ झाला. जखमी १२. संसर्गाच्या भीतीमुळे आणि वाहन न मिळाल्यामुळे त्यांतले निम्मेच रुग्णालयात आले. रजिस्टरमध्ये ६ भेटी.

बाहेरून पाहणाऱ्याला ३० चे ६ झालेले दिसतात, म्हणजे ८० टक्के घट. प्रत्यक्षात जखमी ७० टक्क्यांनीच घटले. प्रत्येक फेरीचा धोका तर दीडपट झाला. पूर्वी दर चार जखमींपैकी एक घरी राहत होता, आता दर दोघांपैकी एक घरी राहतो. एकाच आकड्याच्या पोटात या सगळ्या हालचाली झाल्या, आणि त्यांतली एक, धोक्याची, घटीच्या उलट दिशेची होती. पुढे जे काही येईल ते या चार गाळण्यांपैकी कोणती हलली, याच प्रश्नाभोवतीचे आहे.

वावर हलला, पण सगळीकडे सारखा नाही

भारतात देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून सुरू झाली. ती आधी १४ एप्रिलपर्यंत होती, मग ३ मे, १७ मे आणि ३१ मेपर्यंत वाढत गेली. बस, लोकल, रेल्वे, शाळा, बांधकामे आणि बहुतेक कारखाने थांबले. तरी 'सगळे थांबले' हे वाक्य बरोबर नाही. शेतीच्या कामांना मार्चअखेरीसच सूट मिळाली होती आणि पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात एप्रिल हा गव्हाच्या कापणी-मळणीचा महिना. मळणी यंत्रात हात जाणे ही उत्तर भारतातली इतकी जुनी दुखापत आहे की तिच्यासाठी १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा करावा लागला. टाळेबंदीत शहरातला कामगार लेथपासून दूर झाला, पण मळणी यंत्रासमोरचा माणूस तिथेच होता. त्यामुळे मुंबईच्या रुग्णालयाचा आलेख आणि लुधियानाजवळच्या तालुका रुग्णालयाचा आलेख एकाच आकाराचा असेल असे गृहीत धरू नका.

घरातला वावर तर वाढलाच. जिना, ओले न्हाणीघर, उकळते दूध, माळ्यावर चढण्यासाठी लावलेले स्टूल, यांच्या सहवासात माणसे चोवीस तास आली. म्हाताऱ्या माणसांचे घरात पडणे याला टाळेबंदी लागू होत नाही. बार्सिलोनातल्या एका मोठ्या ट्रॉमा केंद्राच्या २०२० च्या अभ्यासात एकूण अपघाती रुग्ण खूप घटले, पण ठिसूळ हाडांमुळे होणाऱ्या खुब्याच्या फ्रॅक्चरची संख्या जवळपास तेवढीच राहिली. हे उदाहरण मला विशेष उपयोगी वाटते, कारण ते एक प्रकारचा मापदंड देते. खुबा मोडलेला माणूस चालू शकत नाही, त्याला आज ना उद्या रुग्णालयात आणावेच लागते. म्हणजे इथे पोहोच फारशी बदलू शकत नाही, आणि घरातला वावर किमान पूर्वीइतका राहतो. जिथे दोन्ही गाळण्या स्थिर, तिथे आकडाही स्थिर राहिला. हातातल्या विदेत असा एखादा 'न हलणारा' प्रकार सापडला तर तो आधी काढून ठेवा. बाकीच्यांची घट किती खरी, हे त्याच्या शेजारी ठेवून तपासता येते.

वावराची एक दुःखद बाजू आकडेवारीच्या तक्त्यात सहसा दिसत नाही. रेल्वे आणि बस बंद झाल्यावर लाखो स्थलांतरित मजूर पायी किंवा मिळेल त्या ट्रकने गावाकडे निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले १६ मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. १६ मे रोजी उत्तर प्रदेशात औरैयाजवळ ट्रकच्या धडकेत २० हून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. रुळावर झोपणे किंवा मालाच्या गोण्यांवर बसून शेकडो किलोमीटर जाणे हा वावर २०१९ मध्ये या माणसांच्या वाट्याला नव्हता. बंदीने जुना वावर काढून घेतला आणि त्याच्या जागी अधिक घातक असा नवा आणून ठेवला.

रिकामा रस्ता

आता धोक्याकडे वळू. इथे भौतिकशास्त्र थेट कामाला येते. इजेचा आधुनिक अभ्यास ज्यांनी घडवला त्या विल्यम हॅडन यांनी इजेकडे ऊर्जेच्या हस्तांतरणाच्या नजरेने पाहिले: शरीर सोसू शकेल त्यापेक्षा जास्त ऊर्जा शरीरात गेली की इजा होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने धडकलेल्या गाडीत सव्वादोन पट ऊर्जा असते. वाहनांची कोंडी ही तुमच्या-माझ्या दृष्टीने डोकेदुखी. पण हॅडन यांच्या नजरेने ती शहराने बसवलेला फुकटचा वेगनियंत्रक आहे.

अमेरिकेत २०२० साली लोकांनी गाड्या चालवलेले एकूण अंतर ११ टक्क्यांनी घटले. रस्ते अपघातांत जखमी झालेल्यांचा अंदाज २७.४ लाखांवरून २२.८ लाखांवर आला, म्हणजे १७ टक्के घट. आणि मृत्यू? ते ७ टक्क्यांच्या आसपास वाढून ३८,८२४ झाले. २००७ नंतरचा तो तोपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा होता. वेगाशी संबंधित मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले. दर १० कोटी मैलांमागे मृत्यूंचा दर १.११ वरून १.३४ वर गेला. फक्त जखमींचा स्तंभ पाहणारा म्हणेल रस्ते सुरक्षित झाले. फक्त मृत्यूंचा पाहणारा याच्या उलट म्हणेल. दोघांनाही भागाकार करावा लागेल, आणि त्यासाठी छेदात वावर हवा.

भारताचे आकडे असे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या त्या वर्षीच्या अहवालांनुसार २०१९ मध्ये ४,४९,००२ अपघात आणि १,५१,११३ मृत्यू झाले. २०२० मध्ये ३,६६,१३८ अपघात आणि १,३१,७१४ मृत्यू. अपघात साडेअठरा टक्क्यांनी घटले, मृत्यू तेरा टक्क्यांच्या आतच. दर १०० अपघातांमागे मृत्यू ३३.७ वरून ३६.० झाले. अमेरिकेचे ऐकून आल्यावर हात लगेच 'वेग' लिहायला जातो. जरा थांबा. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३२.४ होते, म्हणजे ते आधीपासूनच चढत होते. दुसरे, टाळेबंदीत किरकोळ अपघाताची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात कोण जाणार? किरकोळ अपघात नोंदीतून गळले, तर रस्त्यावर काहीही न बदलता हे प्रमाण वाढते. तिसरे, वर्षाच्या सरासरीत एप्रिलचा निर्मनुष्य रस्ता आणि डिसेंबरचा भरलेला रस्ता एकत्र मिसळले आहेत. वेगाचा वाटा असणार, पण या दोन ओळींवरून तो किती हे सांगता येत नाही. शिवाय नंतरच्या अहवालांत मंत्रालयाने २०१९ व २०२० चे आकडे वर दुरुस्त केले आहेत, म्हणून आकडा उद्धृत करताना कोणत्या वर्षीच्या अहवालातला हे लिहायची सवय ठेवा.

धोक्याच्या गाळणीत दारूचाही मोठा वाटा आहे. दक्षिण आफ्रिकेने २७ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत दारूविक्री बंद केली, १ जूनला ती सुरू केली, १२ जुलैच्या रात्री अचानक पुन्हा बंद केली आणि ऑगस्टच्या मध्यानंतर पुन्हा सुरू केली. संशोधकाला असे चालू-बंद होणारे बटण आयते मिळणे दुर्मिळ. जुलै-ऑगस्टच्या त्या पाच आठवड्यांत इजांमुळे होणारे मृत्यू किमान १४ टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या अभ्यासकांनी दाखवले. त्याच काळात रात्रीची संचारबंदीही होती, त्यामुळे सगळे श्रेय दारूबंदीला देताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. आपल्याकडे याची दुसरी बाजूही दिसली. दारूची दुकाने बंद असताना काहींनी सॅनिटायझर प्यायले: जुलै २०२० मध्ये आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथे १० हून अधिक, आणि एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे किमान ७ जण दगावले. एकच उपाय मारामारीच्या आणि अपघाताच्या रकान्यात आकडा खाली आणतो आणि विषबाधेच्या रकान्यात वर नेतो.

जे आलेच नाहीत

पोहोच ही गाळणी सर्वांत कमी दिसते, कारण न आलेल्या माणसाची ओळच रजिस्टरमध्ये नसते. आपल्याकडे जखमींपैकी मोठा वाटा आजही रिक्षाने, शेजाऱ्याच्या गाडीने किंवा रस्त्यात थांबेल त्या वाहनाने रुग्णालयात येतो. रिक्षा बंद, रस्त्यावर नाकाबंदी आणि १०८ ची रुग्णवाहिका कोविडच्या रुग्णांत गुंतलेली; मग मनगट मोडलेला माणूस फडके बांधून घरी बसतो. अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा यांची नोंद एमएलसी म्हणून होते आणि पोलिसांना कळवली जाते. या भीतीने काही जण एरवीही टाळाटाळ करतात. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय आणि मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आहे, पण कायदा माहीत असणे आणि रात्री दहाला अनोळखी जखमीला गाडीत घालणे यांत अंतर असते.

घरातली मारहाण हे पोहोचीचे सर्वांत कठीण उदाहरण. राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी २०१९ मधील सुमारे ३,००० वरून २०२० मध्ये सुमारे ५,३०० वर गेल्या. मारणारा माणूस दिवसभर घरात, आणि रुग्णालयात न्यायलाही तोच. अशा वेळी कॅज्युअल्टीतला मारहाणीचा आकडा खाली आला, तर त्याचा अर्थ शांतता असा लावणे धोक्याचे आहे. मात्र न्यायाने सांगायचे तर तक्रारींच्या आकड्यालाही स्वतःची पोहोच असते: आयोगाने एप्रिल २०२० मध्ये त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला होता. दार रुंद केले की जास्त माणसे आत येतात.

पोहोचीतून आणखी एक फसवणूक होते, ती प्रमाणाची. समजा, एरवी रोजच्या १०० भेटींत ३० इजांच्या असतात. महामारीत एकूण भेटी ४० आणि इजा १६. 'इजांचे प्रमाण ३० वरून ४० टक्क्यांवर' असा मथळा खरा आहे, पण जखमी जवळपास निम्मे झाले आहेत. अमेरिकेत असेच घडले: मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये १२ ते १७ वयोगटातील मुलांच्या आपत्कालीन भेटींत मानसिक आरोग्याच्या भेटींचे प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढले, पण अशा भेटींची प्रत्यक्ष संख्या घटली होती. याचा अर्थ मुलांचा त्रास वाढला नाही, असाही नाही. पुढच्या वर्षी, २१ फेब्रुवारी ते २० मार्च २०२१ या काळात, त्याच वयाच्या मुलींच्या आत्महत्येच्या संशयित प्रयत्नांच्या भेटी २०१९ च्या तुलनेत ५०.६ टक्क्यांनी वाढल्या. ती वाढ संख्येतली होती. म्हणून कोणताही तक्ता पाहताना आधी विचारा: ही संख्या आहे की हिस्सा?

तीव्रतेचेही तसेच. १०० जखमींत १० गंभीर असत. आता ४० येतात, त्यांत ९ गंभीर. टक्केवारी १० वरून २२.५ झाली. इजा अधिक गंभीर झाल्या नाहीत, किरकोळ जखमी घरी राहिले. पण इथे खरा धोका व्यवस्थापनाचा आहे. '६० टक्के घट' एवढेच वाचून कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलांपैकी निम्मी आणि त्यांचे भूलतज्ज्ञ कोविड कक्षाकडे वळवले, तर त्या ९ जणांसाठी पाच जणांपुरतीच जागा उरते. रजिस्टर वाचण्यातली चूक इथे माणसाच्या जिवावर येते.

नोंदीबद्दल थोडक्यात. फ्रॅक्चर झालेल्या रुग्णाची कोविड चाचणी होकारार्थी आली की तो वेगळ्या कक्षात जातो आणि पहिला संकेत यू०७.१, म्हणजे कोविडचा, पडू शकतो. इजा दुसऱ्या रकान्यात जाते किंवा हरवते. दिल्लीतल्या एम्सचे जयप्रकाश नारायण ट्रॉमा केंद्र २०२० मध्ये कोविड रुग्णालय झाले आणि अपघाती रुग्ण मुख्य रुग्णालयात हलवले गेले. फक्त ट्रॉमा केंद्राची विदा घेतलीत तर दिल्लीत अपघात संपले असे वाटेल, आणि फक्त मुख्य इमारतीची घेतलीत तर ते वाढले असे.

तुलना कशाशी?

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत एक पद्धत दरवर्षी दिसते: फेब्रुवारी २०२० ला 'आधी' म्हणायचे, एप्रिल २०२० ला 'नंतर', आणि वजाबाकी करून मोकळे व्हायचे. इजांना ऋतू असतो, हे त्यात विसरले जाते. पावसाळ्यात सर्पदंश, संक्रांतीला मांज्याने कापलेले गळे, दिवाळीत भाजणे. तुलना मागच्या तीन-चार वर्षांच्या त्याच आठवड्यांशी करावी. तिथेही आपले सण हलतात: रंगांची होळी २०१९ मध्ये २१ मार्चला होती, २०२० मध्ये १० मार्चला. त्यामुळे १५ ते २१ मार्च या आठवड्याची सरळ तुलना केलीत तर होळीचे अपघात टाळेबंदीच्या खात्यावर जमा होतील.

दुसरे म्हणजे 'महामारी' हे चल म्हणून फार ढोबळ आहे. विषाणू २०२१ मध्ये अधिक घातक होता, तरी देशव्यापी टाळेबंदी नव्हती आणि अपघात ४,१२,४३२ पर्यंत परत चढले. इजांचा आलेख हलतो तो मुख्यतः निर्बंधांमुळे. म्हणून कालरेषेवर निर्बंध कधी बदलले त्या तारखा मांडा आणि प्रत्येक टप्प्याचा उतार वेगळा काढा. सांख्यिकीत याला खंडित कालमालिका म्हणतात.

त्या तारखांत पुन्हा सुरू होण्याच्या तारखा विसरू नका. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरीनची वाफ बाहेर पडली. टाळेबंदीत टाकीतले रसायन आठवडेच्या आठवडे पडून होते, ते तापत गेले. १२ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोक एकाच सकाळी रुग्णालयांत पोहोचले. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखाने पुन्हा सुरू करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. बंद पडलेले यंत्र हे शांत यंत्र नसते, हे रासायनिक आणि यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. शहराच्या आलेखात मात्र हा दिवस एका उंच काट्यासारखा दिसतो, आणि सरासरी काढण्याआधी 'अपवाद' म्हणून तो खोडण्याचा मोह होतो. खोडू नका, त्याला वेगळे नाव द्या.

सरावासाठी

२०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले. दर १०० अपघातांमागे मृत्यू काढा आणि वरच्या २०१८, २०१९ व २०२० च्या प्रमाणांशेजारी ठेवा. वाहतूक पूर्ववत झाल्यावरही हे प्रमाण २०१९ च्या पातळीवर का आले नसावे, याची किमान तीन संभाव्य कारणे लिहा. प्रत्येक कारण चारपैकी कोणत्या गाळणीत बसते ते नोंदवा, आणि ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी तुमच्या जिल्ह्यात कोणते रजिस्टर मागावे लागेल तेही लिहा.